शंकेपासून सुरुवात करा: मराठीत ख्रिस्ती भक्तिकविता लिहू पाहणाऱ्यांसाठी

ठाण्यात आमच्या मंडळीच्या हॉलमध्ये महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी सात-आठ जण वह्या घेऊन बसतात. कोणी कॉलेजातले, कोणी निवृत्त, एक ताई कोपरखैरण्याहून लोकलने येतात. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी तो बहुतेक वेळा सारखीच कविता आणतो: प्रभूची प्रीती अपार, तोच माझा तारणहार, त्याच्या चरणी माझा संसार. त्यात खोटे काही नसते. पण ती कविता शेजारच्याने लिहिली असती तरी एक अक्षर बदलावे लागले नसते. मी स्वतः कितीतरी वर्षे असेच लिहीत होतो. माझे वडील गेले आणि ते लिहिणे एकदम थांबले, कारण जे मनात होते ते त्या साच्यात मावेना. नंतर जे शिकलो ते नव्याने लिहिणाऱ्यांसाठी पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: महिनाभर लिहू नका, मोठ्याने वाचा

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. मंडळीत आपण फिरून फिरून तीच चार-पाच म्हणतो: २३वे, ९१वे, १०३वे, १२१वे. नवख्याने आधी १३, २२, ४२ आणि ८८ ही चार वाचावीत. मनात वाचू नका, तोंडाने वाचा.

तेरावे स्तोत्र अवघ्या सहा ओव्यांचे आहे. पहिल्या दोन ओव्यांतच 'कोठवर' हा प्रश्न देवाला चार वेळा विचारलेला आहे. एकदा विचारून समाधान झाले नाही म्हणून पुन्हा, मग पुन्हा. मग विनवणी येते, आणि शेवटी अगदी थोडक्यात भरवसा. बाविसाव्याची सुरुवात प्रत्येकाला ठाऊक आहे, कारण प्रभू येशूने वधस्तंभावर तेच शब्द उच्चारले: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? शास्त्राने हे वाक्य लपवले नाही, सुधारलेही नाही. बेचाळिसाव्यात लोक 'कोठे आहे तुझा देव?' असे टोचत राहतात आणि कवी स्वतःच्याच जिवाची समजूत काढत राहतो.

अठ्ठ्याऐंशीव्यापाशी जरा थांबा. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटी वळतात, स्तुतीवर येतात. हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा अगदी शेवटचा शब्द 'अंधार' आहे. आमच्या गटात हे पहिल्यांदा वाचले तेव्हा एका वयस्कर काकांनी पुस्तक मिटून विचारले, "हे पवित्र शास्त्रात कसे काय राहिले?" त्या प्रश्नावर आम्ही तासभर बोललो. मला मिळालेले उत्तर असे: इतक्या अंधारातही तो माणूस देवाशीच बोलतो आहे. पाठ फिरवून निघून गेलेला नाही.

ठाणे-वाशी लोकलने जाणाऱ्यांना एक सोय आहे. सकाळी गाडीत बसायला जागा मिळाली, तर ऐरोली ते तुर्भे एवढ्या वेळात एक विलापस्तोत्र सावकाश दोनदा वाचून होते. महिनाभर हे केले की तोंडाला वळण लागते, आणि 'अपार', 'असीम', 'अथांग' हे शब्द आपोआप कमी होतात.

दुसरी पायरी: आपले पूर्वज ओळखून घ्या

मराठी ख्रिस्ती कविता परदेशी चालींवर बसवलेल्या भाषांतरांपासून सुरू झाली, असे अनेकांना वाटते. तिचे वय त्याहून पुष्कळ जास्त आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. जवळपास अकरा हजार ओव्या, सगळ्या मराठीत. छपाई मात्र रोमन लिपीत. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा शब्द बिनदिक्कत घेतला. ज्या लोकांसाठी ते लिहीत होते त्यांच्या कानांत पुराणांची लय होती, म्हणून त्यांनी पुराणाचाच बाज उचलला. नवख्याने स्टीफन्स अख्खे वाचायची गरज नाही. मराठी भाषेच्या थोरवीवरच्या त्यांच्या ओव्या वाचा, आणि येशूच्या दुःखसहनाचा भाग जमेल तेवढा वाचा.

दुसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. जन्म १८६१, मृत्यू १९१९. शाळेत 'फुलामुलांचे कवी' म्हणून ते आपल्याला भेटलेले असतात. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांच्या अभंगांत हा पूल पावलोपावली दिसतो. ख्रिस्ताला ते माउली म्हणून हाक मारतात. लय वारीतली, हाकही वारीतली, भेटणारा प्रभू येशू.

शंकेबद्दल लिहायचे असेल तर मात्र टिळकांपेक्षाही लक्ष्मीबाई जवळच्या वाटतील. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांचा १९००चा. मधली पाच वर्षे त्यांनी काय सोसले, राग कसा आला, मन हळूहळू कसे वळले, हे 'स्मृतिचित्रे'त आहे. ते गद्य आहे, तरी मी प्रत्येक नव्या कवीला आधी तेच वाचायला सांगतो. देवाबद्दल लिहिताना स्वयंपाकघर, प्रवास, भांडण, हसू यांतले काहीही बाहेर ठेवावे लागत नाही, हे त्या पुस्तकातून कळते. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पुरे केले.

ही पुस्तके विकत घ्यायलाच हवीत असे नाही. ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तिथे जाऊन जुन्या कवितेच्या कपाटापाशी उभे राहा, ग्रंथपालांना विचारा. अर्धा दिवस सहज जातो.

आणि हो, तुकाराम वाचा. ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलांना कधी कधी याचा संकोच वाटतो. देवाशी इतके स्पष्ट, इतके हक्काने भांडणारा कवी मराठीत दुसरा नाही. त्या भांडणाचा धडा आपल्यालाही घेता येतो.

तिसरी पायरी: तीन शब्द वेगळे करा

कविता लिहायला बसण्याआधी वहीत तीन शब्द लिहा: शंका, संशय, अविश्वास. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण मराठीने त्यांना वेगवेगळी कामे दिली आहेत. संशय घेतला जातो. आपण तो दुसऱ्यावर, त्याच्या पाठीमागे घेतो. अविश्वास म्हणजे दार लावून घेणे. शंका मात्र विचारली जाते. वर्गात शिक्षक म्हणतात, "कोणाला काही शंका?" शंका विचारायला समोर कोणीतरी असावे लागते, आणि त्याच्याकडे उत्तर असेल अशी थोडी तरी आशा लागते.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." एका श्वासात दोन्ही. येशूचा शिष्य थोमा, त्याचेही तसेच. योहानाच्या विसाव्या अध्यायात तो म्हणतो, खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मी विश्वास धरणार नाही. पण आठ दिवसांनी तो त्याच घरात, त्याच शिष्यांबरोबर असतो. शंका घेऊन तो मंडळीतच थांबला. आणि 'माझा प्रभू व माझा देव' हे वाक्य त्याच्याच तोंडून निघाले.

आता आपली शंका साध्या गद्यात, एका वाक्यात लिहा. सजवू नका. 'आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी प्रार्थना केली आणि काहीच वाटले नाही.' 'मंडळीत सगळे हात वर करतात तेव्हा मला एकटे वाटते.' 'नोकरी गेली तेव्हा तू कुठे होतास?' हे वाक्य कोणाला दाखवायचे नाही. ते खरे असले पाहिजे, एवढेच. मला हे एक वाक्य लिहायला तीन आठवडे लागले होते.

ठाण्याच्या लोकांना आणखी एक सांगतो. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना या गावात हौतात्म्य आले. तो इतिहास कळला की पुष्कळांना लगेच त्या चौघांवर दीर्घकाव्य लिहावेसे वाटते. लिहा, पण नंतर. दुसऱ्याच्या मोठ्या विश्वासाआड आपली छोटी शंका फार सहज लपते.

चौथी पायरी: अभंगाचा साचा हाताशी घ्या

मुक्तछंद सोपा वाटतो, पण नवख्याला तो पसरट करतो. अभंग घ्या. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात: पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. अक्षरे मोजताना जोडाक्षर एकच धरायचे: 'उत्तर' म्हणजे उ, त्त, र, तीन अक्षरे. शेवटचा अकारान्त वर्णही पूर्ण मोजायचा, कारण गाताना तो पूर्ण उच्चारला जातो. ऱ्हस्व-दीर्घाची अट नाही. बोटांवर मोजा, लाज वाटू देऊ नका. आमच्या हॉलमध्ये सगळे मोजतात. छोटा अभंग आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचा असतो. तो ऐकायला गोड, पण आपल्या कामासाठी मी मोठाच सुचवीन.

कारण त्या चौथ्या चरणात आहे. तीनदा सहा अक्षरे ऐकल्यावर कान चौथ्यांदाही सहाची वाट पाहतो, आणि चारच येतात. उरलेल्या दोन अक्षरांच्या जागी शांतता असते. माणूस जे बोलू शकत नाही ते तिथे राहते. शंका आणि कृपा या दोन्हींना ती मोकळी जागा लागते.

माझेच उदाहरण देतो. मी तेव्हा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात रात्रपाळीला होतो. वडील वारले त्या रात्रीही मी कामावर होतो. इस्पितळात त्यांच्याजवळ कोणी नव्हते. पुढे काही महिन्यांनी हे लिहिले:

विचारले तुला । का रे नाही आला ।
बाप माझा गेला । एकटाच ॥

उत्तर न आले । छतावर पंखा ।
फिरे, मनी शंका । तीही फिरे ॥

रात्रपाळीहून । परतलो घरी ।
दिवा दारावरी । जागा होता ॥

थोर कविता नाही, साचा दिसावा म्हणून दिली. पण त्यातला प्रत्येक शब्द घडलेला आहे. 'एकटाच' या चार अक्षरांवर मी कितीदा अडलो असेन. आधी तिथे 'तुझ्या घरी' होते. अर्थ बरोबर होता, अक्षरेही चारच होती, फक्त मला तसे वाटत नव्हते.

पाचवी पायरी: 'कृपा' हा शब्द पहिल्या खर्ड्यात लिहू नका

हा आमच्या गटाचा एकमेव पक्का नियम. 'कृपा', 'तारण', 'आशीर्वाद', 'चरण', 'प्रकाश' हे शब्द पहिल्या लेखनात बंद. ते वाईट शब्द नाहीत. आपण त्यांच्यावर जगतो. पण ते तयार असतात, आणि तयार शब्द आला की पाहणे थांबते.

वरच्या अभंगाला मुळात चौथे कडवे होते:

प्रभूची ही कृपा । उमगली मला ।
आनंदच झाला । मनी माझ्या ॥

अक्षरे बरोबर, यमक ठीक. गटातल्या त्याच काकांनी ते ऐकले आणि विचारले, "दिवा कोणी लावला होता?" मी म्हणालो, आईने. वडील गेल्यावर ती रोज रात्री दारावरचा बल्ब चालू ठेवायची, मी येईपर्यंत. तिने ते कधी बोलून दाखवले नाही, मीही कधी विचारले नाही. काका म्हणाले, "मग झाले की. पुढचे कडवे काढ." काढले. आता ऐकणारा स्वतः विचारतो, हा दिवा कोणी जागा ठेवला? आणि ज्याला त्या दिव्यात प्रभू दिसायचा त्याला दिसतो.

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की आपले तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे. ते आपल्या हातून झालेले नाही, ते देवाचे दान आहे. कवीने हे वचन रचनेतही पाळावे. कवितेत कृपा मी खटपट करून, युक्तिवाद करून, शेवटच्या ओळीत ओढून आणली, तर ती माझी कमाई झाली. ती बाहेरून यायला हवी. कुणाच्या तरी हातून, कुठल्या तरी वस्तूतून, मी दुसरीकडे पाहत असताना.

सतराव्या शतकातल्या जॉर्ज हर्बर्ट या इंग्रज पाळककवीची एक कविता मला यासाठी फार मोलाची वाटते. कवी देवाच्या सेवेला कंटाळला आहे, टेबलावर हात आपटून 'आता पुरे' म्हणतो, आणि जवळजवळ सबंध कविताभर आदळआपट करतो. शेवटी त्याला वाटते की कोणीतरी हाक मारली: 'बाळा!' आणि तो उत्तर देतो, 'माझ्या प्रभू.' बस, एवढेच. त्याच्या एकाही तक्रारीचे खंडन नाही. त्याला नुसती हाक आली.

सहावी पायरी: हाक कशी मारायची ते ठरवा

मराठीत हा प्रश्न लहान नाही. शुभवर्तमानात लोक येशूशी 'आपण', 'तुम्ही' असे आदराने बोलतात. प्रार्थनेत आपण देवाला 'तू' म्हणतो, आणि संतकवितेतही 'तू'च आहे. शंकेच्या कवितेत 'तू' घ्या. 'का रे' म्हणता येणे ही मराठीने दिलेली मोठी मोकळीक आहे. बापाशी, भावाशी, मित्राशी आपण तसे बोलतो. एका कवितेत मात्र एकच हाक ठेवा. पहिल्या कडव्यात 'तू' आणि तिसऱ्यात 'आपण' झाले की ऐकणारा बिचकतो.

भाषा घरातली असू द्या. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी वेचली, आईबहिणींना ते वाचून समजावे म्हणून. तुमच्या घरात वसईची बोली असेल, आगरी असेल, नगरकडची असेल, तर ती येऊ द्या. नेरूळच्या एका मुलीने आजीच्या आगरी बोलीत ओव्या लिहून आणल्या तेव्हा हॉलमध्ये कितीतरी वेळ कोणी बोलले नाही.

सातवी पायरी: गाऊन पाहा

कागदावरचा अभंग अर्धाच असतो. भजनी ठेक्यात म्हणून पाहा; एखादे अक्षर कमी-जास्त असेल तर टाळी चुकते आणि चूक लगेच सापडते. पेटी असेल तर उत्तम, नसेल तर मांडीवर हात पुरे.

'उपासना संगीत' हे आपले गीतपुस्तक चाळलेत तर त्यात दोन प्रवाह दिसतील. इंग्रजी चालींवरची गीते, आणि आपल्या चालींवरची; त्यांत टिळकांची आहेत, कृष्णराव सांगळ्यांची आहेत. मला दोन्ही प्रिय आहेत. ठाण्यातले सेंट जेम्स चर्च १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते अर्पण झाले, आणि 'होली, होली, होली' हे जगभर गायले जाणारे गीत त्याच हेबरांचे. ते गीत इथे गाताना मला नेहमी ही जवळीक जाणवते. पण नवख्याने इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवू नयेत. तिथे सुरांचा जोर भलत्याच अक्षरावर पडतो आणि शब्द ओढले जातात. आधी आपली लय पक्की होऊ द्या.

आठवी पायरी: कोणाला दाखवायचे

पहिल्यांदा एकाच माणसाला. शक्यतो ज्याने तुमच्याबरोबर प्रार्थना केली आहे आणि जो लगेच उपदेश करत नाही अशाला. मग गटात. मंडळीपुढे म्हणायचे असेल तर आधी पाळकसाहेबांना किंवा फादरना वाचून दाखवा. शंकेची कविता ऐकून काहींना धक्का बसतो. मला एकदा सभा संपल्यावर बाजूला घेऊन विचारले गेले की तुझा विश्वास ढळला का. मला दुःख झाले, पण मी स्तोत्र १३ उघडून दाखवले आणि आम्ही दोघांनी ते तिथेच उभ्याने म्हटले. तेव्हापासून अशी कविता म्हणण्याआधी मी स्तोत्रातल्या दोन ओव्या वाचतो. ऐकणाऱ्याला आपण कोणत्या वाटेने आलो ते कळते.

उपवासकाळ आणि उत्तम शुक्रवार हे या कवितांचे दिवस. नाताळच्या कार्यक्रमात त्या फारशा ऐकल्या जात नाहीत, आणि त्यात कोणाचा दोष नाही.

आता अर्धवट राहिलेल्या रचनांविषयी. पुष्कळदा तीन चरण उतरतात आणि चौथा येत नाही. तो उसना आणू नका. चौथ्याच्या जागी चार आडव्या रेघा मारा, खाली तारीख घाला आणि पान उलटा. महिन्यातून एकदा वही उघडून त्या पानावर या, तीन चरण मोठ्याने म्हणा आणि रेघांपाशी गप्प बसा. माझ्या वहीत अशी अकरा पाने आहेत. सर्वांत जुने आईच्या शेवटच्या आजारपणातले. दारावरचा बल्ब लावायचे काम तेव्हा माझ्याकडे आले होते, आणि तिसरा चरण त्या बटणापाशीच संपतो.